दोन गोळ्यांचं वर्ष

जानेवारी २०२५ मध्ये माझी हृदयाची एक गोळी बंद झाली. वर्षभर ती सकाळी नऊला आणि रात्री नऊला चालू होती. ज्यांच्या घरात नुकतीच अँजिओप्लास्टी (हृदयाची अरुंद झालेली धमनी आतून उघडणं) झाली आहे आणि ज्यांच्या हाती औषधांची दीड पानी यादी देऊन ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, चुकवू नका’ एवढंच सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. एका सहकारी बँकेत नोकरी करते, वय ५३, राहते मुलुंड पूर्वेला. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचे. माझ्याकडे आहे तो एका वर्षाचा अनुभव आणि एक जाड फाइल.

सुरुवात दादरच्या पुलावर झाली. ४ जानेवारी २०२४, गुरुवार. लोकलमधून उतरून पश्चिमेला जायला पूल चढत होते, तर डावा जबडा दुखायला लागला. छाती नाही, जबडा. खालची एक दाढ किडलेली होतीच, त्यामुळे दाढच असणार असं धरून चालले. वर जाऊन कठड्याला टेकून दोन मिनिटं उभी राहिले आणि दुखणं गेलं. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी बाजारातून पिशव्या घेऊन जिना चढताना पुन्हा, आणि या वेळी डावा खांदाही. दाढ काही जिना चढला की दुखत नाही आणि थांबलं की थांबत नाही. हे आज लख्ख कळतं. त्या तीन दिवसांत घरातल्या एकालाही कळलं नाही, मलाही नाही. कष्टाने येणारं आणि विसाव्याने जाणारं दुखणं, मग ते जबड्यात असो, खांद्यात असो की पोटाच्या वरच्या भागात, त्याच दिवशी ईसीजी काढण्याइतकं महत्त्वाचं आहे. बायकांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं, कारण आपण सगळं पित्तावर ढकलतो.

रविवारी रात्री झोपले आणि पहाटे पावणेतीनला जाग आली ती छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखी. जानेवारीतली थंडी, आणि माझा गाऊन घामाने भिजलेला. यांनी आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले: अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे का, पोटात अल्सर किंवा कुठून रक्तस्राव झाला होता का, बोलताना जीभ जड होतेय का. तिन्हींना नाही म्हटल्यावर म्हणाले, घरात अ‍ॅस्पिरिन असेल तर ३०० मिलिग्रॅम चघळायला द्या, गिळायला नको, आणि लगेच कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करायची खोली) असलेल्या हॉस्पिटलला न्या, मधे कुठे थांबू नका. १०८ ला फोन लावणार तोच शेजारच्या वहिनींचे यजमान गाडीची किल्ली घेऊन आले. बारा मिनिटांत पोचलो.

त्या चघळलेल्या गोळीबद्दल नंतर वाचलं. १९८८ साली आयसिस-२ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हार्ट अटॅकचा संशय असलेल्या १७ हजारांहून जास्त रुग्णांमध्ये महिनाभर रोज अ‍ॅस्पिरिन दिलेल्यांचे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू जवळपास २३ टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नास पैसे-रुपयातली गोळी. पण ती डॉक्टरांना विचारून घ्यायची, कारण त्रास मेंदूतल्या रक्तस्रावाने आलेल्या लकव्याचा असेल तर तीच गोळी घात करते.

कॅज्युअल्टीत दहा मिनिटांत ईसीजी झाला. ‘मोठा’ अटॅक दिसत नाही, पण बदल आहेत, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) तपासायला पाठवतोय, असं तिथल्या तरुण डॉक्टरने सांगितलं. तो रिपोर्ट यायला तास लागला आणि तो वाढलेला होता. तोवर पोटावर हेपारिनचं (गुठळी वाढू न देणारं) इंजेक्शन, टिकाग्रेलॉरच्या, म्हणजे पुढे वर्षभर घेतलेल्या त्या गोळीच्या, ९० च्या दोन गोळ्या एकदम आणि कोलेस्टेरॉलची ८० ची गोळी, एवढं झालं होतं. त्याच वेळी एक बाई फॉर्म घेऊन प्रश्न विचारत होत्या. बीपी कधीपासून? हे घाबरलेले. म्हणाले, ‘असेल चार-पाच वर्षं.’ कागदावर ‘५ वर्षे’ असं उमटलं.

हे मुद्दाम सांगतेय. माझं बीपी नोव्हेंबर २०२१ मध्ये निघालं होतं. कॅशलेसचा अर्ज सोमवारी सकाळी दहाला गेला, आणि तीन वाजता विमा कंपनीच्या मध्यस्थांकडून प्रश्न आला: रक्तदाब ५ वर्षांपासून, तर पहिल्या उपचाराचा कागद पाठवा. लेकीने दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो काढून ठेवला होता म्हणून वाचलो. तो फोटो आणि डॉक्टरांची दुरुस्तीची दोन ओळींची चिठ्ठी, एवढ्यासाठी यांनी काउंटर आणि चौथा मजला अशा सहा फेऱ्या मारल्या. पहिली मंजुरी मंगळवारी सकाळी आली. खरं तेच सांगायचं, पण अंदाजाने आकडा सांगायचा नाही. आठवत नसेल तर ‘कागद बघून सांगतो’ म्हणायचं. प्रत्येक आजाराच्या पहिल्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवाच.

मंगळवारी ९ जानेवारीला दुपारी अँजिओग्राफी. स्ट्रेचर ढकलणारे मामा जाताना म्हणाले, ‘ताई, आत थंडी वाजेल, सांगून ठेवतो.’ खरंच गारठा होता. उजव्या मनगटातून नळी गेली, टोचल्याचं एकदा कळलं, पुढे काही नाही. मान थोडी वळवली की पडदा दिसत होता. काळ्या फांद्या पसरत जात होत्या आणि त्यातली एक, हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी, एका जागी दोऱ्याएवढी झालेली. डॉक्टर म्हणाले, ‘दिसलं? इथे नव्वद टक्के.’ बाहेर यांना बोलावून सांगितलं, एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकतोय. चाळीस मिनिटांत संपलं. मनगटावर हवा भरलेला प्लॅस्टिकचा पट्टा बसवला आणि दर तासाला सिस्टर येऊन त्यातली थोडी थोडी हवा काढत राहिल्या. त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त कशाचं बरं वाटलं असेल तर त्यांनी हवा काढताना दुसऱ्या हाताने माझी बोटं धरली होती त्याचं.

मला वाटलं, झालं. अडकलं होतं ते मोकळं केलं.

बुधवारी सकाळच्या राउंडला मी डॉक्टरांना विचारलं, ‘पाइपातला गाळ काढला ना सगळा?’ ते स्टूल ओढून बसले आणि रिपोर्टच्या पाकिटाच्या मागे पेनाने काढून दाखवायला लागले. ते पाकीट अजून फाइलला आहे.

त्यांचं म्हणणं असं. गाळ पाइपाच्या आत, पाणी वाहतं तिथे साचत नाही. तो भिंतीत असतो. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरली की वरचा रंग तसाच राहतो आणि आतून पोपडा फुगतो, तसं. धमनीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल मुरतं, ते खायला पांढऱ्या पेशी आत शिरतात, फुगतात, मरतात, त्यांचा लगदा होतो. वर एक पातळ झाकण राहतं. वर्षानुवर्षं हे चालू असतं. मग एखाद्या दिवशी ते झाकण तडकतं आणि आतला माल रक्ताला दिसतो. रक्ताच्या दृष्टीने ती जखम. गुडघा फुटला की खपली धरायला ज्या प्लेटलेट्स धावतात, त्याच तिथे धावतात. पहिल्या काही चिकटतात, रसायनं सोडून बाकीच्यांना हाका मारतात, आणि तीन मिलिमीटरच्या नळीत गुठळी बसते.

‘म्हणजे त्या शेवटच्या दिवशीच येतात?’ मी विचारलं.

‘नाही. आधीपासून त्यांचा हात असतो,’ ते म्हणाले. अस्तर सुजलेलं असेल तर न तडकताही प्लेटलेट्स तिथे टेकतात, त्यांच्या पोटातल्या थैल्यांमधून रसायनं सोडतात, आणि ती रसायनं पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. पोपडा वाढवण्यातही त्यांचा वाटा. साखर वाढलेली, सिगारेट चालू, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढलेलं असेल तर या प्लेटलेट्स हुळहुळ्या होतात. जरा निमित्त मिळालं की चिकटतात.

सिगारेट माझ्या आयुष्यात नाही. पण सोमवारी केलेल्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा) ७.९ आलं होतं. मला मधुमेह आहे हे मला हार्ट अटॅक आल्यावर कळलं.

मग मी फाइल उघडून दुसरा एक आकडा दाखवला. प्लेटलेट २,६०,०००. दीड ते साडेचार लाख या नेहमीच्या मर्यादेत. आपल्या मुंबईत प्लेटलेट हा शब्द डेंग्यूमुळे घरोघरी गेलाय. पडल्या की धावाधाव, चढल्या की पेढे. त्यामुळे मला वाटत होतं की आकडा बरोबर म्हणजे प्लेटलेट बरोबर. डॉक्टर म्हणाले, ‘हा आकडा किती आहेत ते सांगतो. त्या कशा वागतायत ते या रिपोर्टमध्ये येत नाही.’

वर्षभर माझ्या मनात हे वाक्य फिरत राहिलं. शाळेत आम्ही त्यांना रक्तपट्टिका म्हणून शिकलो, दोन मार्कांची टीप. अस्थिमज्जेत तयार होतात, गाभा (पेशीचं केंद्रक) नसतो, सात ते दहा दिवस जगतात. त्या ‘गाभा नसतो’ मध्ये माझ्या रोजच्या गोळीचं कारण दडलं आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं! अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं एक विकर (एन्झाइम) कायमचं बंद करतं. गाभा नसल्यामुळे ती प्लेटलेट नवं विकर घडवू शकत नाही, मरेपर्यंत गप्प राहते. पण शरीर रोज साधारण दहा टक्के नव्या प्लेटलेट्स रक्तात सोडतं, आणि त्या नव्यांना काल घेतलेल्या गोळीचा पत्ता नसतो. म्हणून रोज. दुसरी गोळी, टिकाग्रेलॉर, वेगळ्या जागी बसते आणि तिचा असर काही तासांतच ओसरायला लागतो, म्हणून दिवसातून दोनदा. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं ते मी पुढे अनेकांना सांगितलंय: एक गोळी हाक मारणाऱ्याचं तोंड बंद करते, दुसरी ऐकणाऱ्याचे कान. रक्त पातळ वगैरे काही होत नाही, ते तेवढंच दाट राहतं. बदलतो तो प्लेटलेट्सचा चिकटपणा.

आणि स्टेंट? तो धातूची जाळी आहे. त्यावर आपलं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर प्लेटलेट्सना तो परकाच. त्या काळात गोळ्या सुटल्या तर नव्या कोऱ्या स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती पहिल्या अटॅकपेक्षा भयंकर असते. स्टेंट हा उपचाराचा चाळीस मिनिटांचा भाग, उरलेलं वर्ष गोळ्यांचं, हे मला त्या पाकिटामागच्या चित्राने कळलं. ते चित्र नसतं तर मार्चमध्ये मी गोळी सोडली असती. त्याकडे येतेच.

गुरुवारी ११ तारखेला डिस्चार्ज. सकाळी साडेदहाला डॉक्टर ‘घरी जा’ म्हणाले, सव्वाला अंतिम बिल विमावाल्यांकडे गेलं, मंजुरी आली संध्याकाळी सहा चाळीसला. आठ तास पलंगावर बूट घालून बसले होते. (मे २०२४ मध्ये विमा नियामकांनी नियम केला आहे की डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने लावलेला जादा खर्च कंपनीने सोसायचा. हे काउंटरवर सांगा.) बिल २,७१,४००, मंजूर २,३८,९००, आमच्या खिशातून ३२,५००. त्यात ग्लोव्ह्ज, ड्रेप, फाइल, असलं बरंच. पहिल्या दिवशी भरलेल्या ५०,००० पैकी १७,५०० नऊ दिवसांनी खात्यात आले. त्यासाठी रद्द केलेला चेक तिथेच देऊन यायचा.

स्टेंटच्या किमतीची खूप भीती होती. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किमती ठरवल्या, औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये. घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे ती दरवर्षी सरकते. माझ्या बिलात तो चाळीस हजारांच्या आत होता. बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच आणि किंमत वेगळी लिहिलेली असायला हवी. नसेल तर मागा. स्टिकर असलेलं कार्डही मागा. विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. माझ्या जावेच्या भावाची झाली, पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये, रेशन कार्ड आणि आधारवर. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस काउंटरला असतो, त्याला पहिल्या तासातच गाठायचं, कारण मंजुरीची फाइल त्याच्याकडून हलते.

घरी आल्यावर सुरुवातीचे दहा दिवस बरे गेले. मग दम लागायला लागला. चालताना नाही, बसलेली असताना, टीव्ही बघताना, अचानक श्वास पुरत नाहीय असं वाटायचं आणि एक मोठा श्वास ओढावा लागायचा. रात्री जास्त. मला खात्रीच झाली की स्टेंट बंद पडतोय. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्या माझ्या उशाशी बसून राहायच्या. २७ जानेवारीला शनिवारी पुन्हा कॅज्युअल्टी. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ऑक्सिजन, सगळं नीट. खर्च ४,२००. डॉक्टरांनी सांगितलं की हा टिकाग्रेलॉरचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. नंतर पाहिलं तर २००९ च्या प्लेटो नावाच्या मोठ्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या जवळपास १४ टक्के लोकांनी दम लागण्याची तक्रार केली होती. शंभरातल्या चौदांना होणारी गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत लिहिली असती, तर आमच्या घरातल्या पाच रात्री जागरणात गेल्या नसत्या. ही तक्रार मी त्यांच्याकडे नीट शब्दांत केली आणि त्यांनी ऐकून घेतली.

तरीही दम लागला की ‘गोळीचाच असेल’ असं स्वतः ठरवू नका. एकदा तपासून घ्या, मग निर्धास्त व्हा.

गोळी बदलता येते का, हेही मी विचारलं. येते. जुनी क्लोपिडोग्रेल आहे, स्वस्त आणि दिवसातून एकदाच. पण ती यकृतात जाऊन तिथल्या एका विकराने बदलली की मगच काम करते, आणि ते विकर काहींमध्ये जन्मतःच मंद असतं. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत असे बरेच आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये त्या गोळीच्या माहितीपत्रकावर त्याबद्दल ठळक इशाराही टाकला. ‘लाखो लोक तीच घेऊन नीट आहेत, तुम्हाला अगदीच सहन होत नसेल तर बदलू, पण अजून दोन-तीन आठवडे बघा,’ असं ठरलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक रात्र अशी आली की नऊ वाजता गोळी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मनात आलं, आजची एक नाही घेतली तर? एक रात्र तरी नीट श्वास येईल. फ्रिजवर ते पाकीट चुंबकाने लावलेलं होतं. पेनाने काढलेली धमनी, जाळी, आणि जाळीला चिकटलेले ठिपके. घेतली गोळी. मार्च सरता सरता दम आपोआप कमी झाला.

५ फेब्रुवारीला, चार आठवड्यांनी, कामावर रुजू झाले होते. पहिला महिना स्लो लोकल, सकाळची गर्दी सुरू व्हायच्या आधीची. पुलाला सरकता जिना. पर्सच्या आतल्या कप्प्यात दोन दिवसांच्या गोळ्या आणि एक लॅमिनेट केलेला कागद: नाव, रक्तगट, स्टेंटची तारीख, दोन्ही गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर, आणि ठळक ओळ, ‘या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.’ अंगावर निळे डाग यायचे, कुठे आपटलं तेही आठवायचं नाही. दात घासताना कधी रक्त. हे चालतं असं सांगितलेलं होतं; काळी शी, लघवीत रक्त, न थांबणारं नाकातलं रक्त हे चालत नाही. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद, फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवं येतं, आणि पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वेगळा. गोळ्यांचा खर्च महिन्याला साधारण १,६०० यायचा, मग जनऔषधी केंद्रात विचारल्यावर तो निम्म्यावर आला. बदलण्याआधी पट्टी डॉक्टरांना दाखवली.

आणि मग ऑगस्ट.

१३ तारखेला मंगळवारी ताप आला, १०२. डोळ्यांच्या मागे ठणका. १५ ऑगस्टच्या सुट्टीत लॅब अर्धा दिवस उघडी होती, तिथे एनएस१ पॉझिटिव्ह. डेंग्यू. प्लेटलेट १,३६,०००. आयुष्यभर ज्या भीतीने आपण हा रिपोर्ट बघतो तिच्या उलटी भीती मी सात महिने पाळत होते, आणि आता दोन्ही एकदम अंगावर आल्या. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. वहिनींनी पपईच्या पानांचा रस आणून ठेवला, प्रेमाने. मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘दोन्ही गोळ्या चालू. रोज रक्ताची सीबीसी तपासणी, रोज मला रिपोर्टचा फोटो. ५० हजारांच्या खाली गेल्या तर एक थांबवायचं ठरवू, पण ते मी ठरवेन.’ रसाचं विचारलं, तर सध्या तोंडात फक्त पाणी, सरबत आणि लिहून दिलेलं तेवढंच.

१७ ला ७८,०००. जवळच्या एका लहान हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. सलाइन लागलं. रात्री नऊला सिस्टर औषधांची छोटी वाटी घेऊन आल्या. वाटीत तीन गोळ्या. मी त्या तळहातावर घेतल्या. बीपीची, कोलेस्टेरॉलची, पॅरासिटामॉल. पिवळसर गोल गोळी नव्हती.

‘सिस्टर, एक कमी आहे.’

‘ती आणि सकाळची अ‍ॅस्पिरिन, दोन्ही बंद केल्यात ताई. प्लेटलेट कमी आहेत ना तुमच्या.’

चार्टवर दोन ओळींसमोर फुली मारलेली. मारणाऱ्याची चूक म्हणावी असंही नाही. त्या डॉक्टरांसमोर डेंग्यूचा रुग्ण होता, पडत्या प्लेटलेटचा. त्यांच्या वॉर्डात त्या रात्री असे अकरा जण होते आणि त्या सगळ्यांसाठी ही फुली बरोबर होती. स्टेंटची माहिती दाखल होतानाच्या कागदावर होती, दुसऱ्या पानावर, तळाशी. मी पर्समधला लॅमिनेट कागद सिस्टरच्या हातात दिला आणि यांना फोन लावायला सांगितलं. आमच्या डॉक्टरांचा फोन लागेना. नऊ वीस. नऊ पस्तीस. माझ्या बॅगेत गोळी होती, घ्यावी का न विचारता? तसं करायला नको वाटलं, कारण मग कुणालाच कळत नाही की पेशंटच्या पोटात काय गेलंय. दहाला पाच कमी असताना फोन लागला, ते ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी बोलले. चार मिनिटं. ड्यूटीचे डॉक्टर माझ्याजवळ आले, चार्टवरच्या फुल्या गोल करून सही केली आणि म्हणाले, ‘काकू, बरं झालं तुम्ही वाटी बघितलीत.’ दहा दहाला गोळी घेतली.

१८ ला ६४,०००, १९ ला ७१,०००. १९ ला राखीपौर्णिमा होती, भाऊ हॉस्पिटलमध्येच राखी बांधून घ्यायला आला आणि माझा सलाइनचा हात बघून त्याने स्वतःच गाठ मारून घेतली. २० ला १,१२,००० आणि डिस्चार्ज, या वेळी मंजुरी अडीच तासांत. कुठूनही रक्तस्राव झाला नाही. हा माझा निकाल आहे, नियम नाही. दुसऱ्या कुणाला स्टेंट किती जुना, वय किती, प्लेटलेट कितीवर गेल्या यावरून वेगळं सांगतील. तुम्ही करायचं एवढंच की दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावायचं, आणि प्रत्येक वेळी वाटी मोजायची.

नोव्हेंबरमध्ये ती किडलेली दाढ अखेर काढली. दंतवैद्य म्हणाले गोळ्या पाच दिवस बंद करून या, हृदयाचे डॉक्टर म्हणाले बंद करायच्या नाहीत. चिठ्ठी नेऊन दिली. गोळ्या चालू ठेवून दाढ काढली, दोन टाके, रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला बोळा, दीड तास बसवून ठेवलं. थोडं जास्त वेळ रक्त आलं, थांबलं.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार. ओपीडीची फी १,५००, वेळ साडेपाचची, नंबर लागला पावणेआठला. एलडीएल १४८ वरून ५१ वर आलंय, एचबीए१सी ६.६. डॉक्टरांनी यादी बघितली आणि टिकाग्रेलॉरवर आडवी रेघ मारली. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायम. ‘कायम म्हणजे?’ मी विचारलं. ‘पोपडे बाकीच्या धमन्यांमध्येही असतातच. कोलेस्टेरॉलची गोळी भिंत सांभाळते, अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटना सांभाळते.’ मला भीती वाटली, खरं सांगते. जी गोळी कधी बंद होईल याची वर्षभर वाट पाहिली ती बंद होताना कुणीतरी कठडा काढून नेल्यासारखं झालं. डॉक्टरांना तेही सांगितलं. ते म्हणाले, बहुतेकांना होतं, महिनाभराने या आणि काही वाटलं तर आधीच या.

सोमवारी बँकेतून येताना मुलुंडच्या झेरॉक्सवाल्याकडे थांबून पर्समधला कागद नवा करून घेतला. स्टेंट ९ जानेवारी २०२४. अ‍ॅस्पिरिन ७५, चालू. टिकाग्रेलॉर, १० जानेवारी २०२५ पासून डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद. लॅमिनेशनसह तीस रुपये. दोन प्रती काढल्या, एक यांच्या पाकिटात.